हिरामावशीने चाखलेला थेंब

परवा आमच्या बिल्डिंगची भिंत ओली झाली. बोअरिंगची लाइन गळतेय की म्युनिसिपालिटीची, यावर कमिटी भांडत बसली. मी ओघळ बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट. "बोअरिंगची," म्हणालो. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

चाळीस वर्षांपूर्वी मी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आयटीआय केल्याची घमेंड असलेला. वर्सोव्याला हिरामावशी नावाच्या कोळणीच्या होडीच्या इंजिनातून पाणी गळत होतं आणि दुसऱ्या दिवशी पावसाळ्यानंतरची मासेमारीची पहिली फेरी होती. त्या इंजिनात गोडं पाणी फिरायचं आणि ते थंड करायला बाहेरून समुद्राचं. मी समुद्राच्या पाण्याचा पंप खोलला, सकाळभर खपून सील बदललं. इंजिन चालू केलं, तर ठिबकणं तसंच. डिझेलच्या वासाने डोकं उठलं होतं.

हातातलं जाळं बाजूला सारून मावशी वाकली आणि तिने थेंब चाखला. "खारं नाय रे बाला, गोडं हाय. पंप कशाला खोललास?"

गोड्या पाण्याचा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. दहा मिनिटांचं काम.

वर्कशॉपमध्ये शेठने विचारलं, "कसं शोधलंस रे?"

"अंदाज आला," मी ठोकून दिलं.

परवा कमिटीतही कुणीतरी विचारलंच, हे कुठे शिकलात?

"वर्सोव्याच्या हिरामावशीकडे," मी म्हणालो. तिचं नाव घ्यायला मला चाळीस वर्षं लागली.