चार वाजताची डावी कूस

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. होस्टेलवर असल्या गप्पा सुरू झाल्या की मी चादर ओढून झोपायचे. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून चैन पडत नाही.

छत्रपती संभाजीनगर, छावणीजवळचं हॉस्पिटल, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दुपारची ड्युटी. सात नंबरच्या बेडवर शेवंताआजी, लकव्यानं अंग लुळं पडलेलं. माकडहाडावर लाल डाग... दाबला तरी पांढरा पडत नव्हता. "दर दोन तासांनी कूस बदल, नाहीतर तिथं जखम उघडेल," सिस्टरने बजावलं होतं.

आणि मी काय केलं? आम्ही सगळ्याच करायचो तेच! दोन वाजताच पूर्ण ड्युटीचा कूस बदलण्याचा तक्ता भरून टाकला. चार - डावी कूस. सहा - उजवी. आठ - पाठीवर. सह्यांसकट.

पावणेचारला बिडकीन रोडवर टेम्पो उलटला. मला खाली कॅज्युअल्टीत बोलावलं. टाके, पट्ट्या, आरडाओरडा... आणि माझ्या डोक्यात सारखा आजींचा डाग. लाज वाटत होती, पण सव्वासहापर्यंत हलता आलं नाही.

धावत वर आले, तर आजी उजव्या कुशीवर! गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून उचललेल्या, चादरीला सुरकुती नाही. डाग वाढला नव्हता, उलट जरा फिका झाला होता.

"कोणी वळवलं यांना?" मी त्यांच्या सुनेला विचारलं.

"आसं काय करता ताई? तुमीच आल्ता की! चारला डाव्या अंगावर केलं, मंग सहाला उजव्या. मी इतकी बोलले, पर तुमी काईच बोलल्या नाय."

"तोंडाला मास्क होता का?"

"नाय हो, तोंड उघडंच व्हतं."

आजी अडखळत पुटपुटल्या, "हात... लई गार व्हते, पोरी."

वॉर्डातल्या दोन्ही सिस्टर म्हणाल्या, आम्ही वळवलं नाही. मी तर खाली सगळ्यांसमोर होते.

तेवढ्यात तक्त्यावर नजर गेली. चार आणि सहाला मी लिहिलं होतं, अगदी तसंच झालं होतं. आठ - पाठीवर! म्हणजे थेट डागावरच... घाईत मीच लिहिलेलं. मी ते खोडलं, तिथं 'डावी कूस' लिहिलं आणि आठ वाजेपर्यंत बेडला टेकून उभी राहिले. आठला मीच आजींना वळवलं. दुसरं कोणी आलं नाही.

आजी जखम न होता घरी गेल्या. त्या दिवशी कोण आलं होतं, मला अजून कळलेलं नाही. जे कोणी होतं, त्यानं माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता.