कुलपातली चित्रं

बालवाडीतल्या कपाटाच्या काचेला नाक लावून माझी नात मुक्ता उभी होती. आतल्या पुस्तकावर तिच्यासारखंच कानाला यंत्र लावलेली एक मुलगी हसत होती. दुकानदाराशी हुज्जत घालून ही पुस्तकं मीच आणून दिली होती, मुलांनी हाताळावीत म्हणून. आणि कपाटाला कुलूप!

“मुलं फाडतात हो, काका. तपासणीला साहेब आले की काढतो,” बाई म्हणाल्या.

मागून एक पोर तिच्या कानातल्या यंत्राकडे बोट दाखवत ओरडलं, “ए रेडिओ, चल खेळायला!” मुक्ता वळली नाही.

माझं डोकंच फिरलं. फाटलेलं पान डिंकाने चिकटवता येतं. रोज ‘रेडिओ’ ऐकणाऱ्या पोरीला काय लावायचं?

“किल्ली आणा.”

“उद्या बघू ना, काका.”

मी तिथेच सतरंजीवर मांडी ठोकली. “या रे पोरांनो, बसा. बाई किल्ली आणतायत.”