पासवर्ड साडूंना विचारा

आमच्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. होऊ नये अशीच देवाची योजना असावी, कारण असा एक माणूस एका जिल्ह्याला पुरून उरतो. इतर लोकांना काही कारणाने राग येतो. साडू आधी रागवायचे आणि मग कारण शोधायला घराबाहेर पडायचे. सकाळी पहिला राग चपलेच्या अंगठ्यावर, दुसरा शेवगावच्या स्टँडवर उशिरा लागलेल्या एसटीवर, आणि एखाद्या दिवशी एसटी वेळेवर आलीच तर "आज हिला काय धाड भरली?" म्हणून पुन्हा एसटीवरच. चहा गरम असला की "माणसाचं तोंड आहे हे, लोहाराची भट्टी नाही!" आणि निवला की "आंघोळीला काढलं होतं का पाणी?" सासुरवाडीला आम्ही दोघे जावई पंगतीला बसलो की सासूबाई आमटी आधी मला चाखायला द्यायच्या. माझ्या जिभेवर त्यांचा फार विश्वास होता अशातला भाग नाही. काही बिनसलंच असेल तर ते धाकट्या जावयावर निभावावं, एवढाच हिशेब.

माझं दुर्दैव असं की आम्ही दोघे एकाच बँकेत, एकाच शाखेत. बँकेचं नाव सांगत नाही. तिचा मला अजून राग आहे आणि तिचा पगार खाल्लेला आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी पोटातच राहू द्याव्यात. साडू ऑफिसर आणि मी त्यांच्या हाताखाली. म्हणजे घरी नात्याने आणि बँकेत हुद्द्याने, असा त्यांना माझ्यावर ओरडण्याचा दुहेरी परवाना होता. त्यांच्या रागाला एक चढण होती. साधं बोलणं असलं की मी नुसता "धाकटे". आवाज चढला की "धाकटे साडूसाहेब". आणि "श्रीमंत जावईबापू" हे शब्द कानावर आले की समजावं, आता टेबलाखाली जागा आहे का ते बघायला हवं. माणूस चिडला की अरे-तुरेवर येतो. साडू चिडले की मान द्यायला लागत. इतका मान मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

नव्वद सालानंतरचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले. नगरहून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "प्रत्येकाने आपापला पासवर्ड ठेवायचा, तो कुणाला सांगायचा नाही." पासवर्ड म्हणजे काय, ते मला विचारायला लाज वाटली. मी आपला शेजारच्या कॅशियरच्या पडद्यावर डोकावलो. त्याने काहीतरी बडवलं आणि पडद्यावर एका ओळीत फुल्या उमटल्या. मला वाटलं, हा पासवर्ड. कीबोर्डावर फुलीचं बटण शोधून काढलं आणि मीही भराभर फुल्या मारल्या. यंत्राने त्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी किती फुल्या मारल्या होत्या हे काही केल्या आठवेना. एकेक वाढवत गेलो, तर तिसऱ्या खेपेला यंत्राला कुलूपच लागलं. साडू मागे येऊन उभे राहिले. "काय चाललंय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "श्रीमंत जावईबापू, मेहुणीने आपल्यात नेमकं काय पाहिलं?"

पण मी एकटाच नव्हतो. कॅशियरने आपला पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि शिपाई तो गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा. मॅनेजरसाहेब रोज नवा ठेवायचे आणि रोज विसरायचे. शेवटी एका सकाळी साडूंचा बांध फुटला. "उद्यापासून या शाखेत कुणीही पासवर्ड ठेवायचा नाही! सगळे मी ठेवणार! तुमच्या हातात गोवारीच्या शेंगाही मोडायला देऊ नयेत!"

तेव्हापासून सगळ्यांचे पासवर्ड साडूंच्या ताब्यात गेले. ते त्यांनी स्वतःच ठरवले आणि आम्हाला सांगितले नाहीत. रोज सकाळी दार उघडलं की देवळातला पुजारी दिवे लावत जातो तसे ते टेबलाटेबलावरून फिरायचे आणि एकेक यंत्र उघडून द्यायचे. पडद्याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. बोटं कीबोर्डावर, डोळे आमच्यावर आणि तोंड भलत्याच तिसऱ्या माणसावर. नाव, पासवर्ड, धाडकन बटण, पुढचं टेबल. खरा राग त्यांचा त्या यंत्रावरच होता. "हयात गेली या शाखेत. आणि हे डबडं रोज सकाळी मला विचारतं, तू कोण? बापाने नाही विचारलं कधी!"

पुढे एका पावसाळ्यात हेड ऑफिसने नवी फ्लॉपी पाठवली. संध्याकाळी कुणीतरी येऊन ती घालून गेलं. काय बदललं हे कुणी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे हेड ऑफिसला अजूनही ठाऊक नसावं. बदललं होतं एवढंच, की नावाच्या आधी आता शाखेचा क्रमांक विचारणारा नवा चौकोन आला होता. सकाळी साडू नेहमीसारखे फिरले. मॅनेजरसाहेब मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी रजेवर, म्हणजे शाखा साडूंकडे आणि सकाळपासून पारा चढलेला. बोटं सवयीने चालली. नाव गेलं शाखेच्या चौकोनात आणि पासवर्ड गेला नावाच्या चौकोनात, जिथे फुल्या उमटत नाहीत, चक्क अक्षरं उमटतात. यंत्राने नाही म्हटलं. साडूंना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी तेच पुन्हा, आणखी जोरात बडवलं. मग तिसऱ्यांदा. कुलूप. पुढचं टेबल. पुन्हा तेच. एकेक करत शाखेतली सगळी यंत्रं त्यांनी अशी बंद पाडली आणि मगच पहिल्यांदा मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

आम्हीही पाहिलं. कॅशियरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘चहाबाज’ झळकत होतं. मॅनेजरांच्या केबिनमध्ये ‘साहेबकुठे’. आणि माझ्या पडद्यावर, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, ‘बिनकामाचा’. म्हणजे इतके महिने रोज सकाळी मी ‘बिनकामाचा’ म्हणून हजर होत होतो आणि यंत्र ते बरोबर आहे म्हणून मला आत घेत होतं! मला असा संताप आला की विचारू नका. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काउंटरवर एक गवंडी येऊन उभा राहिला. डोक्यावरच्या टोपीवर सिमेंट, शेजारी त्याची मुलगी, तिच्या छातीशी प्लॅस्टिकची फाईल घट्ट धरलेली.

"भाऊसाहेब, पुन्याचा डिराफ पायजे," तो साडूंना म्हणाला. "उद्या सकाळी कालेजात लंबर हाय हिचा. इंजनेरिंगला लागलाय. डिराफ न्हाई दावला तर शीट दुसऱ्याला जातीय म्हनं. दुपारच्या गाडीनं निघायचंय."

"मशीन बंद आहे," मी म्हणालो. "उद्या या."

"उद्या तर लंबर हाय, सायेब."

"मग परवा या."

मुलीने फाईल आणखी घट्ट धरली. साडू माझ्याकडे वळले. "परवा? परवा येऊन काय करेल ती? तुमच्याशेजारी बसून माशा मारेल? " मग गवंड्याला म्हणाले, "थांबा जरा, पाहुणे."

त्यांनी नगरला फोन लावला. पलीकडे कॉम्प्युटर विभागातला कुणी तरुण होता. साडूंचा आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत जात होता, त्यामुळे अर्धं संभाषण गावाने ऐकलं. तिकडून म्हणाले, तुमचा पासवर्ड सांगा. साडू म्हणाले, "पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, असं तुम्हीच शिकवून गेलात ना?" तिकडून म्हणाले, मग तुम्ही कोण हे आम्हाला कसं कळायचं? साडूंच्या मानेची शीर टरारली. "माझा आवाज ऐकून कळत नाही? मला ओळखून या बँकेत फोन खाली ठेवणारे पुष्कळ आहेत. न ओळखता धरून ठेवणारे तुम्हीच पहिले!" शेवटी निकाल एवढाच निघाला, की लेखी अर्ज घेऊन माणूस नगरला पाठवा, उद्या कुलूप काढून देऊ.

साडूंनी फोन आपटला. मग लोखंडी कपाट उघडलं आणि तळातून हाताने लिहायच्या ड्राफ्टांचं जुनं पुस्तक काढलं. ते वापरायचं नाही, असं परिपत्रक आलं होतं. ते वाचून दाखवलं होतं मीच.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "नोकरीवर येईल."

"माझ्याच येईल ना? मग तुम्ही का घाम पुसताय?"

त्यांनी लिहायला घेतलं आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, की काम करताना त्यांचे डोळे कागदावर होते. एकेक अक्षर कोरल्यासारखं. मुलीला नाव विचारलं, पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं. मग ड्राफ्ट माझ्यासमोर सरकवला. दुसरी सही माझी लागायची. माझा हात काही पुढे होईना.

"करा सही, श्रीमंत जावईबापू. नाव तरी आठवतंय ना? की फुल्या मारताय?"

मी सही केली. साडूंनी पुण्याच्या ओळखीच्या बँकवाल्याला फोन करून ड्राफ्टचा नंबर कळवला, वर "ड्राफ्ट परत फिरवलात तर तिथं येईन" अशी धमकीही दिली. गवंडी आणि त्याची लेक स्टँडकडे पळत सुटले. साडू दारात जाऊन उभे राहिले आणि गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत शिपायावर उगाचच खेकसत राहिले.

मेमो यायचा तो आलाच. साडूंनी दिलेल्या उत्तराची नक्कल मी पुढे पाहिली. त्यात माझ्याविषयी एक ओळ होती: ‘सदर कर्मचाऱ्याने माझ्या दडपणाखाली सही केली. स्वतःहून काही करण्याची त्यांची कुवत नाही.’ त्या ओळीने माझी नोकरी वाचली. असा अपमान करून मला वाचवणारा माणूस त्या ओळीखाली सही करून सरळ राजूरला बदलीवर गेला. शेवगाव जिल्ह्याच्या या टोकाला, राजूर त्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. तिथे कॉम्प्युटर पोचला नव्हता. शिक्षा म्हणून हेड ऑफिसला ती जागा सुचली, याचा राग मला आजही येतो. आणि तो कुणावर काढावा हे शिकवणारा माणूस तेव्हा जवळ नव्हता.

पोळा होऊन गेला असेल. गवंडी पेढ्यांचा पुडा घेऊन काउंटरवर आला. "भाऊसाहेब कुटं गेलं? पोरगी हाष्टेलात ऱ्हायली. लई खुशीत हाय. ह्ये त्यांस्नी द्यायचं हुतं." मी साडूंची बदली झाल्याचं सांगितलं. त्याने पुडा माझ्या हातात ठेवला आणि टोपी सारखी करत निघून गेला.

रजा टाकून मी राजूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. एवढीशी शाखा, बाहेर पावसाची झड आणि आत पानांची इरली टेकवून उभ्या असलेल्या डोंगरवाडीच्या बाया. साडू काउंटरमागे बसून त्यांच्या स्लिपा भरून देत होते. मला पाहून म्हणाले, "या, बसा. चहा घ्या." चहा पार निवलेला होता. त्यांनी तो निमूट पिऊन टाकला. एका आजीने अंगठा भलत्याच जागी उठवला, तर म्हणाले, "असू द्या, दुसरी स्लिप घेऊ." मी घाबरलो. म्हटलं, यांना बरं नाही की काय? मुद्दाम म्हणालो, "भाऊ, तुमचं चुकलंच तेव्हा." ते नुसते हसले. मग मी पेढे पुढे केले आणि कुणाचे ते सांगितलं. त्यांनी पुडा सोडला, पण स्वतः पेढा घेतला नाही. उठले आणि रांगेतल्या एकेका बाईच्या हातावर ठेवत गेले.

"कसलं पेढं, भाऊसाहेब?" एकीने विचारलं.

"पोरगी इंजिनिअरिंगला लागली. पुण्याला."

"तुमची का हो?"

साडूंना मूलबाळ नव्हतं. सासुरवाडीत तो विषय निघाला की सगळे आपापल्या ताटात पाहायचे. पेढा धरलेला त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला.

"मग काय शेजाऱ्याची?" साडू असे कडाडले की दारातलं कुत्रं उठून पावसात गेलं. "दुसऱ्याच्या पोरीचे पेढे वाटत बसायला वेळ आहे का मला? घ्या, आणि व्हा पुढे!"

बाईने हसून पेढा तोंडात टाकला. मीही एक उचलला आणि मान खाली घालून गुपचूप खाल्ला.