खो-खोचा दुसरा खांब

मुलींच्या शाळेत एक वर्ष काढा, किस्से कपाशीसारखे साठतात. गाठोडं कितीही आवळा, बाहेर डोकावतातच!

सत्तरच्या सुमारास बडोद्याहून व्यायामशिक्षणाचा कोर्स करून मी यावलला आले. वाटलं होतं, 'सुदृढ शरीर, प्रसन्न मन' ऐकायला मुली आतुर असतील. पाहते तर मैदानावर दोन ओळी आणि चेहरे परीक्षेचे! हेडमास्तर नाना म्हणाले, "मुली टिकल्या तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर हा तास शिवणकामाला."

*

पहिल्याच दिवशी आहाराचा तक्ता टांगला. मधोमध लालभडक सफरचंद. "रोज एक फळ खायचं!"

नववीतली मुक्ता उठली. ही कधी हसत नसे. "बाई, हे कच्चं खातात का शिजवून?"

खिडकीबाहेरून केळीने भरलेली बैलगाडी चालली होती. तक्ता त्याच दिवशी उतरवला.

*

मग कवायत. एक-दोन, एक-दोन! आठवड्यात निम्म्या मुलींची पोटं दुखू लागली.

एकदा रांगेत मुक्ताने शेजारणीला चापट मारली आणि धूम पळाली. मागोमाग सगळ्याच! मी शिट्टी फुंकून दमले. दुसऱ्या दिवशी कुणाचंच पोट दुखेना.

मुक्ता म्हणाली, "बाई, आज कवायत शे का पळनं शे?"

"पळणं!" शिट्टी ड्रॉवरमध्ये गेली.

*

खो-खो ठरलं. पण मैदानात खांब एकच. दुसऱ्यासाठी नानांकडे गेले.

"तासाचाच भरवसा नाही, बाई. खांब कशाला?"

*

एके दिवशी किराणावाले शेठजी तणतणत आले. "आमची पोरगी दोन फुलके जास्त खाते. दिवेलागणीनंतर लगेच घोरते. आणि पहाटे गाणी म्हणत उठते! घरात कुणाला झोप नाही!"

"शेठजी, यात तक्रार कसली?"

शेठजी घुटमळले. "तक्रार नाही... तिची आई विचारते, मीही आले तर चालेल का?"

*

पण गावात कुजबुज वाढली. वयात आलेल्या मुली पळतात म्हणे! दिवाळीच्या तोंडावर नाना निर्णय सांगायला स्वतः मैदानात आले. नेमके उभे राहिले दुसऱ्या खांबाच्या जागी.

डाव ऐन रंगात. एकच मुलगी बाद व्हायची बाकी, आणि तिच्यामागे मुक्ता.

"नाना, हलू नका! तुम्ही खांब!"

नानांच्या कोटाची बाही पकडून ती गर्रकन वळली, झेपावली आणि तिने त्या मुलीला टिपलं. कधी न हसणारी मुक्ता मातीत लोळत खदाखदा हसत सुटली. नाना हात अंगाला चिकटवून, श्वास रोखून उभे!

"आऊट!" पहिली आरोळी त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामाचं नावही न काढता नाना त्याच जागी येऊन उभे राहिले. मी ठरवलं, आता दुसरा खांब मागायचाच नाही.