वरच्या साहेबांची झोप

खरं सांगायचं तर मी जळत होते तिच्यावर. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. अंधेरीला एका बंगलीच्या खालच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो आणि वरच्या मजल्यावर पायलट आणि त्याची बायको. बाई माझ्याच वयाची. तिच्या नायलॉनच्या साड्या, परदेशी साबणाचा वास, ते एकवेळ मी सोडून दिलं असतं. पण नवरा रात्रभर विमान चालवून आला की ही जिन्यात उभी राहून सगळ्या पोरांना गप्प करायची. "साहेब झोपलेत!" अहो, आमचे हेही साकीनाक्याच्या कारखान्यातून रातपाळी करूनच यायचे की! त्यांच्या झोपेचं कौतुक कोणाला?

वैशाखात मी मसाला कुटायला काढला. मिरच्या कडकडीत वाळलेल्या. ती लगबगीने खाली आली.

"वहिनी, आजचा दिवस थांबाल का? सलग दोन रात्री विमानावर होते, आज परत जायचंय. झोप झाली नाही तर ह्यांना काही सुधरत नाही."

"मिरच्या सादळतील हो," मी म्हटलं आणि मुसळ उचललं. साफ खोटं. अंगणभर ऊन होतं. नेहमीपेक्षा जोरात कुटलं मी, वरच्या खिडकीकडे बघत बघत.

संध्याकाळी तो जिना उतरला. डोळे लालभडक, टोपी काखेत. तरी माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी कळलं, उतरताना त्याचं विमान धावपट्टी सोडून बाजूच्या खडीत घुसलं. माणसं सगळी वाचली, त्याचा खांदा मोडला. लोक म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. मी भेटायला वर गेले तेव्हा तो म्हणाला, "यंत्र ठीक होतं, वहिनी. डोळे उघडे होते माझे, पण जमीन किती खाली आहे तेच कळेना. झोपच नव्हती ना."

माझ्या हातात त्याच मसाल्याची बरणी. मुद्दाम कुटलं हे सांगायचं म्हणून गेले होते, पण नुसती बरणी ठेवली. ती त्याच्या पाठीमागची उशी सारखी करत होती, आणि काय सांगू, तेव्हाही जळलेच मी.

खाली आले. हे झोपलेले आणि पोरं उशाशी पत्र्याचा डबा बडवतायत.

"गप्प बसा रे!" मी ओरडले. "वर साहेब झोपलेत!"

ह्यांनी कूस बदलली. "आणि मी गं?"

मसाला कुटला त्या दुपारीही हे आत झोपलेलेच होते. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.