लगबग नावाचं तिरकं अक्षर

फ्लेक्स छापून झाला की गिऱ्हाईक तो गुंडाळून घेऊन जातं. किस्से मात्र दुकानातच राहतात, आणि त्यांचा एवढा ढीग झालाय की डबा खाताना आधी कुठला सांगायचा यावरून आमची भांडणं लागतात. म्हणून आज एकाच अक्षराचे सांगते.

आमचं दुकान बारामतीत, एसटी स्टँडच्या मागं. मालक आप्पा, बोर्ड लावायला पोपटराव आणि डिझाइनला मी, रोज इंदापूरहून येणारी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची पट्टी असते. नावं मावेनात की आम्ही अक्षरं काँप्युटरवर दोन्हीकडून दाबायचो. मग काने काडीसारखे बारीक आणि शिरोरेषा तेवढी जाड! मला ते बघवेना. चार महिन्यांचे रविवार घालवून मी नवा फॉन्ट काढला. अंगानं अरुंद, सगळीकडं सारख्या जाडीचा, उजवीकडं झुकलेला. नाव ठेवलं 'लगबग'.

आप्पांनी मान वाकडी करून तो बघितला. म्हणाले, "वापरा महिनाभर. पण ताई, एक जरी बोर्ड परत आला तर हे काढून टाकायचं."

मी लगेच कॅलेंडरवर महिन्याची शेवटची तारीख गोल केली.

* * *

पहिलं गिऱ्हाईक लासुर्ण्याचं, मित्राच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आणलेली सगळी नावं लगबगमध्ये बसली आणि वर जागा उरली. असं आमच्या दुकानात कधी झालंच नव्हतं. त्यानं तिथूनच फोन लावायला सुरुवात केली, "तुझं नाव टाकू का? जागा हाय."

शेवटी एका नावावर अडला. म्हणाला, "ह्याच्याशी बांधावरनं भांडण हाय, दोन वर्सं बोलत न्हाय."

"मग सोडा," मी म्हटलं.

"सोडू कशाला? जागा वाया जाती."

* * *

कन्हेरीचा एक भाजीवाला पिकअपच्या दोन्ही बाजूंना नाव लावून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला.

"उजवीकडनं बघितलं तर गाडी फुडं पळती," तो म्हणाला. "डावीकडनं बघितलं तर माघारी."

खरं होतं. अक्षर दोन्हीकडं एकाच बाजूला झुकणार. दोष माझाच, मला सुचलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा चिकटवून द्यायचं आप्पांच्या जिवावर आलं असावं.

"गाडी कोण चालवतं?" आप्पांनी विचारलं.

"मीच की."

"आत बसल्यावर नाव दिसतं का?"

"न्हाय."

"मग?"

तो गाडी घेऊन गेला.

* * *

एक निवृत्त मुख्याध्यापक घराच्या पाटीसाठी आले. लगबग बघून म्हणाले, "माझ्या वर्गात कुणी असं अक्षर काढलं असतं तर छडी खाल्ली असती. पण मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला असलंच आवडतं. त्याचं नाव तिरकं घ्या, माझं सरळ."

"आणि काकूंचं?"

गुरुजींनी नमुना पुन्हा एकदा निरखला. मग हळूच म्हणाले, "ती आमच्या दोघांच्या मधे असते. अर्धं तिरकं घ्या."

* * *

श्रद्धांजलीच्या बोर्डाला मी लगबग लावत नव्हते. बरं दिसत नाही. पण एकजण वडिलांचा फोटो घेऊन आला आणि भिंतीवरच्या नमुन्याकडं बोट करून म्हणाला, "हे पळतं अक्षर लावा. आमच्या आबांनी सावकाश असं कायबी केलं न्हाय. जेवलंसुदिक उभ्यानं."

मला गलबलून आलं. त्या एका बोर्डासाठी चार महिने घालवले असते तरी चाललं असतं.

* * *

महिना संपायला दोन दिवस होते आणि आप्पांच्या साडूंचा फोन आला. सुप्यात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा लगबगमधला बोर्ड वाकडा दिसतोय म्हणे. आप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बोर्ड काढून आणायला गाडी काढली, मला आणि पोपटरावांना मागं बसवलं. मी मनातल्या मनात फॉन्ट पुसूनही टाकला होता.

जाऊन बघतो तर बोर्डाचं उजवं टोक वरच्या पत्र्याला टेकलेलं, डावं शटरवर उतरलेलं. आणि त्यावरचे सगळे काने सरळ उभे!

"पोपटराव, हे काय?" आप्पा.

"अक्षरं वाकडी छापून आल्ती," पोपटराव म्हणाले. "ओळंबा लावून सरळ केली. दोन तास गेलं."

आप्पांनी शिडी मागितली. तसा दुकानदार आडवा आला. "हात लावू नगा. एष्टीतली माणसं खिडकीतनं माना काढून वाचत्यात."

एवढ्यात समोरच्या पाइपच्या दुकानाचा मालक रस्ता ओलांडून आला. बोर्डाकडं एकदा बघितलं, आप्पांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "मलाबी करून द्या. पण ह्याच्यापेक्षा जास्त तिरका."

आप्पांनी हातातली शिडी बाजूला भिंतीला टेकवली आणि माझ्याकडं वळले.

"ताई, तुमचं अक्षर आणखी किती वाकतंय?"