पाठांतराचा चष्मा

नवा चष्मा घालून दुकानाच्या पायऱ्या उतरले, तेव्हा औरंगपुऱ्याचा रस्ता वर उठून माझ्याकडे आला. मी पाय टाकला, तर जमीन अजून खालीच होती. लेकीनं दंड धरला.

"आई, हळू. होईल सवय."

माझं माहेर करमाडजवळ. तिथल्या विहिरीत उतरायला दगडी पायऱ्या होत्या. पाणी चढलं की खालच्या दोन-तीन पायऱ्या पाण्यात जायच्या. वरून बघितलं तर अगदी जवळ वाटायच्या, हात घातला तर लागतील इतक्या. पाय सोडला की मात्र कुठंच काही नसायचं, आणि मग बऱ्याच खाली गार दगड तळव्याला लागायचा. त्या संध्याकाळी मी रिक्षापर्यंतचा सगळा रस्ता तसा, विहिरीत उतरल्यासारखा चालले. दुकानांचे दिवे पाण्यात पडल्यासारखे पसरले होते. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून आपणही कुणाला दिसत नसू असं वाटलं.

घरी आल्यावर यांनी चष्म्याकडे बघितलं. यांची रिक्षा आहे, त्यामुळं यांना सगळं तिच्यातूनच कळतं.

"नवी गाडी पण आधी जड चालते. पाचशे किलोमीटर जाऊ दे."

म्हणून मी सवयीची वाट बघत राहिले. भाकरी थापताना परातीतली भाकरी लांबट दिसायची, मोसंबीच्या फोडीसारखी. चष्मा काढला की गोल. समोरच्या कडुलिंबाला पानं नव्हतीच, नुसता हिरवा धूर. दुपारी काम आटोपलं की मी दारात बसून त्या धुराकडे बघायची. गल्लीतून बायका जायच्या त्या तरंगत जायच्या, आणि त्यांचं बोलणं त्यांच्या मागून सावकाश यायचं.

पण रविवार जवळ येत होता.

आमच्या कॉलनीच्या बुद्धविहारात पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं, दरवर्षी तोच ग्रंथ पहिल्यापासून. रोज एका घरानं पान वाचायचं. आमच्या घरची पाळी आली की मी लेकीला पुढं करायची आणि म्हणायची, मला दिसत नाही. आठ वर्षं तसंच म्हणत आले. आधी ते खोटं होतं, नंतर हळूहळू खरं झालं. मी चौथीपर्यंतच शिकलेली, चारचौघींत अडखळले तर काय, ही भीती. विहारातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला आम्ही आक्का म्हणतो. आक्कानं माझ्या नाकावर चष्मा बघितला आणि हात जोडले.

"आला बाई एकदाचा. आता नाय सुटका. रविवारी तुझं पान."

मी मान खाली घातली. पण मला वाचायचं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मागं भिंतीला टेकून दुसऱ्यांचं वाचणं ऐकताना माझे ओठ हलायचे, ते पदराआड ठेवायची.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. लेकीनं ग्रंथाची दुसरी प्रत घरी आणून, रविवारच्या पानात खूण घालून ठेवली होती. रविवारचं पान काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. छान वाचलं. कुठंही अडलं नाही. खाली बघितलं, तर बोट दुसऱ्या ओळीवरच होतं आणि तोंड पान संपवून बसलं होतं.

मी बोटाखालचं अक्षर बघितलं. मुंगी पाण्यात पडावी तसं ते होतं. काही लागत नव्हतं.

मग दुकानात डोळे तपासून घेतले तो दिवस आठवला. बाकावर मी आणि आणखी एक बाई होतो. माझ्या आधीच्या बाईला चष्मेवाल्या चाचांनी हातात कार्ड दिलं, त्याच्यावर वरून खाली बारीक होत गेलेल्या ओळी. चाचा काच बदलायचे आणि ती बाई पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायची. चार वेळा तरी वाचलं असेल. माझा नंबर येईस्तोवर ते सगळं माझ्या कानात बसलं होतं. आमच्या शाळेत तिघींत एक पुस्तक होतं आणि ते माझ्याजवळ कधीच नसायचं. दुसरीनं वाचलेलं ऐकायचं आणि गुरुजींनी उठवलं की धडाधडा म्हणायचं, एवढंच मला येत होतं. चाचांनी कार्ड हातात दिलं आणि मी तेच केलं. पहिल्याच काचेला शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून टाकलं. ही काच बरी की ती, असं विचारलं तेव्हा दोन्ही बऱ्या म्हणाले, उगं त्यांना त्रास नको म्हणून.

सवय होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तो चष्मा माझ्या डोळ्यांचा नव्हता, माझ्या कानाचा होता.

शुक्रवारी एकटीच गेले. दुकानासमोरून दोनदा पुढं गेले, तिसऱ्यांदा आत शिरले. चाचा चहा पीत होते.

"हौ मावशी, बोलो."

"चाचा, त्या दिवशी मी वाचलं नव्हतं."

"मतलब?"

"माझ्या आधीच्या बाईचं ऐकून पाठ झालं होतं. तेच म्हणले."

त्यांनी कप खाली ठेवला. "पूरा कार्ड?"

"पूर्ण."

"आखरी लाइन भी?"

"ती पण."

ते हसले, पण असं, की मला पळून जावंसं वाटलं नाही. "लोगां मेरे सामने उमर छुपाते, नंबर छुपाते. आंखां का इम्तिहान रट के आने वाली तुम पैली. बैठो. नै दिखा तो नै दिखा बोलना. इसमें कोई फेल नै होता."

त्यांनी ड्रॉवरमधून दुसरंच कार्ड काढलं. काचा बदलून बघायची ती जड गोल फ्रेम माझ्या नाकावर बसवली. मी म्हणाले, नाय दिसत. काच बदलली. नाय दिसत. अजून एक. थोडं दिसतं, पण खालचं नाय. प्रत्येक वेळी म्हणताना छातीवरून काहीतरी उतरत होतं. मग एका काचेला पांढऱ्या कागदावर काळी, कडा असलेली अक्षरं एकेक करून वर आली, विहिरीचं पाणी ओसरल्यावर दगड दिसावेत तशी.

"काच सोमवार को आयेगी," चाचा म्हणाले.

रविवारी विहारात गेले ती जुन्याच चष्म्यानं. पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या बसलेल्या. चौरंगावर ग्रंथ, शेजारी मेणबत्ती. पान तेच होतं. मला ते येत होतं. शब्द जिभेवर येऊन थांबले होते, आणि मी म्हणून टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

"आक्का, मला हे पान पाठ आहे. पण दिसत नाय. चष्मा चुकला, माझ्यामुळंच. नव्या काचा उद्या येतील."

"पाठ हाय तर म्हण की मग."

मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याला काय, कानानंच ऐकायचंय." बायका हसल्या.

"नाय," मी म्हणाले. "मला वाचायचं हाय."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आक्कानं अगरबत्तीची एक काडी घेतली आणि त्या पानात खूण म्हणून ठेवली. "मग बुधवारी," एवढंच म्हणाली, आणि लेकीला पुढचं पान वाचायला बसवलं.

बुधवारी नव्या काचांतून ते पान बघितलं. कडुलिंबाला त्याची पानं परत आली होती, भाकरी गोल झाली होती, आणि तो हिरवा धूर गेला याची मला थोडी चुटपुटही लागली होती. मी बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. तोंड पुढं धावायला बघत होतं, त्याला बोटापाशी धरून ठेवलं. जोडाक्षराला अडले. पुन्हा मागं गेले. अर्धंच पान झालं तोवर मेणबत्ती निम्मी खाली आली होती आणि आक्काच्या मांडीवरची नात झोपून गेली होती. कुणी पुढचा शब्द सांगितला नाही.

"राहिलेलं उद्या," आक्का म्हणाली.

बाहेर येताना विहाराच्या पायरीवर थांबले. पायरी जिथं दिसत होती तिथंच होती. तरी मी ती आधी पायानं चाचपली.